घुमरे सरांचे सत्तर टक्के

निफाड,
६ जानेवारी २०२५

चि. योगिनी,

आशीर्वाद आहेतच, ते तुला मागावे लागत नाहीत. पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझे कान आता पार कामातून गेले. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि अर्धं मी माझ्या मनाचं घालतो, मग भांडण होतं. मोबाईलवर लिहायला जावं तर कलमं बांधून बांधून सुजलेली ही बोटं एका वेळी तीन अक्षरं दाबतात. म्हणून पोस्टाने लिहितोय, आणि तूही पोस्टानेच उत्तर द्यायचं.

परवाच्या पेपरात तुझ्या त्या घुमरे सरांचा फोटो आलाय. अंगावर शाल, हातात नारळ, आणि तोंडावर असं हसू की नारळ जणू स्वतः झाडावर चढून काढलाय. वर मथळा, "थॅलेसेमियावर नाशिकचा विजेचा उतारा, सत्तर टक्के यश". मागे उभ्या असलेल्या पोरांत तूही दिसतेस, अर्धी कापलेली. तुझी काकू सगळ्या गल्लीला दाखवून आली. मी म्हटलं, अर्धीच पुतणी छापलीय, अर्धेच पेढे वाट.

पण चेष्टा बाजूला. शेखरने ते कात्रण लॅमिनेट करून आणलंय. माझा शेखर! ओझरच्या फॅक्टरीत एक स्क्रू तीनदा तपासून मग पुढे पाठवणारा माणूस, आणि पेपरातला नारळ बघून पाघळला. आरोहीचं तुला ठाऊक आहे. सात वर्षांची पोर, अंगात रक्त टिकत नाही, दर तीन आठवड्यांनी रक्ताची पिशवी लावावी लागते. तिच्या थोरल्या बहिणीचा बोनमॅरो जुळला, आधी केमो देऊन तो हिच्या अंगात घालायचा, आणि मुंबईच्या दवाखान्याने मार्चमधली तारीख दिली. डॉक्टर स्पष्ट बोलले होते, "शंभरात दहा-बारा लेकरं हाती लागत नाहीत. पण उशीर केलात तर अंगात लोह साठून लिव्हर जाईल, मग हेही करता येणार नाही." शेखर आणि सूनबाई उज्वला महिनाभर जेवले नाहीत धड, पण शेवटी हो म्हणाले.

आता कात्रण हातात धरून शेखर म्हणतो, "बाबा, आपल्या योगिनीच्याच लॅबमध्ये औषध निघतंय. मग पोरीला कशाला त्या केमोत घालायचं? दोन वर्षं थांबू."

तेव्हा मला सांग. तुम्ही विजेने नक्की काय करता, आणि हे सत्तर टक्के म्हणजे कशातले सत्तर? मला समजेल असं लिही. मी दहावी पास आहे, तेही पहिल्या फटक्यात, तुझ्या बापासारखा ऑक्टोबरला नव्हे.

तुझा काका,
कारभारी


नाशिक,
१४ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. तिळगूळ पाकिटात घातला असता, पण पोस्टमनने खाल्ला असता.

अर्धी कापली गेले कारण सरांचा खांदा मध्ये आला. सर फोटोत नेहमी असेच उभे राहतात. पण काका, एवढं मात्र मान्य करा की निफाडात बसून पेपरावर टीका करणं सोपं असतं. आम्ही इथे चार वर्षं राबतोय.

आता ऐका. माणसाच्या शरीरातल्या पेशी काचेसारख्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या डब्यांत वाढवता येतात. त्यांना गोड खारट पाणी लागतं, अंगाइतकी ऊब लागते, आणि रोज कोणीतरी बघायला लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. दिवाळीतही मीच. पेशीला एक पातळ साल असते आणि ती बाहेरचं काही आत येऊ देत नाही. आम्हाला तर आत जीन घालायची असते, म्हणजे पेशीने काय बनवावं याची लिहिलेली सूचना. मग काय करायचं? बोटाएवढी एक डबी घ्यायची, तिला आतून दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. मध्ये पेशी आणि जीन एकत्र सोडायच्या आणि पट्ट्यांमधून विजेचा एक झटका द्यायचा. झटका डोळ्याची पापणी लवण्याआधीच संपतो. तेवढ्यात सालीला बारीक बारीक भोकं पडतात, जीन आत शिरते आणि भोकं आपोआप बुजतात. तुम्ही खुंटाला चीर देऊन त्यात काडी बसवता ना, तसंच समजा, फक्त चाकूऐवजी वीज.

झटका देणारं मशीन परदेशी घेतलं तर फार महाग पडतं. घुमरे सरांनी ते इथेच बनवलं, सातपूरच्या एका वर्कशॉपमधून. दीड फुटाचा डबा आहे, वर लाल बटण. त्याचंच सगळं कौतुक चाललंय.

जीन आत शिरली की नाही हे कळावं म्हणून आम्ही एका समुद्री प्राण्याची जीन वापरतो. ती ज्या पेशीत शिरेल ती पेशी निळ्या उजेडात हिरवी चमकते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेशींचा डबा उघडते. जिवंत पेशी तळाला चिकटलेल्या असतात, मेलेल्या वर तरंगतात. वरचं घाण पाणी ओतून देते, दोनदा स्वच्छ धुते आणि मग मोजायला बसते. शंभर पेशींत सत्तर हिरव्या. म्हणून सत्तर टक्के. झालं समाधान?

शेखरदादाचं म्हणाल तर तो मोठा आहे, इंजिनियर आहे. मी त्याला काय सांगणार? माझा थिसिस जूनमध्ये द्यायचा आहे आणि सध्या मला जेवायलाही फुरसत नाही.

तुमची,
योगिनी


निफाड,
२० जानेवारी

चि. योगिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पोरगी हुशार निघाली. दुसऱ्यांदा वाटलं, बापावर गेली. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा चहा तसाच राहिला.

मेलेल्या धुऊन टाकतेस आणि मग मोजतेस?

अगं, माझ्या नर्सरीत लहानपणी किती वेळा खेळली आहेस तू. ओळीत पाचशे पिशव्या असतात, प्रत्येकीत डॉगरिज द्राक्षाचा खुंट, त्यावर बांधलेलं कलम. त्यातली काही वाळतात. वाळलेली पिशवी मी उचलतो का? गिऱ्हाईक येऊन ओळ पायाखाली घालत नाही तोवर ती जागेवर राहते, पट्टी बांधलेली, काळी पडलेली, सगळ्यांना दिसेल अशी. बघणारा आधी तीच बघतो. हिरवं काय, हिरवं कोणालाही दाखवता येतं. सकाळी लवकर उठून वाळलेल्या पिशव्या खड्ड्यात लोटल्या तर माझंही यश शंभर टक्के. मग मलाही एक शाल द्या म्हणावं, थंडी आहेच.

आमच्यात कलमवाल्याला तीनच गोष्टी विचारतात. किती बांधली, किती जगली, किती फुटली. तू मला फक्त शेवटची सांगितलीस. पहिल्या दोन कुठे आहेत? मोरीत ओतल्यास?

तुझ्या सरांना विचारू नकोस, ते शालीचा रंग सांगतील. स्वतः मोज.

कारभारी


नाशिक,
३ फेब्रुवारी

ती. काका,

उत्तराला उशीर झाला कारण आधी रागाने चार पानं लिहिली आणि फाडली. ही पाचवी.

सगळं जग असंच मोजतं. जिवंत पेशींतल्या किती चमकल्या हाच आकडा शोधनिबंधांत छापतात. किती मेल्या ते वेगळ्या तक्त्यात देतात. तो तक्ता करणं बाकी आहे, एवढंच. द्राक्षाच्या पिशव्या आणि मानवी पेशी यांत थोडा फरक असतो हे तुम्ही मान्य कराल अशी आशा आहे. तुम्ही कधी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला नाहीत आणि मला मोजायला शिकवता.

काल रविवारी शेखरदादा लॅबवर आला होता. आरोहीला घेऊन. मला आधी काही कळवलं नव्हतं. सर स्वतः सुटीच्या दिवशी आले, कोट घालून. आरोहीला चॉकलेट दिलं, स्टुलावर उभं केलं आणि तिचा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. आत त्याच हिरव्या पेशी. तिने विचारलं, "आत्या, ह्या माझ्या आहेत का?" मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "तुझ्याच समज, बाळा." दादाचे डोळे भरून आले. त्याने विचारलं, "सर, साधारण किती वर्षं?" सर म्हणाले, "दोन. फार तर अडीच."

त्या तिच्या नव्हत्या, काका. त्या रक्ताच्याही नाहीत. मूत्रपिंडाच्या पेशी आहेत, जगातल्या कुठल्याही लॅबमध्ये मिळतात, कशाही वाढतात. शिकाऊ पोरांना हात बसावा म्हणून देतात त्या.

मी तिथेच उभी होते. आरोही जाताना सगळ्यांना टाटा करून गेली.

योगिनी


निफाड,
७ फेब्रुवारी

योगिनी,

शेखरने मुंबईला फोन करून तारीख थांबवली. दवाखान्याने सांगितलंय, २८ फेब्रुवारीपर्यंत नक्की करा, नाहीतर जागा दुसऱ्या लेकराला जाईल आणि पुन्हा नंबर यायला वर्ष लागेल. लिव्हरचा रिपोर्ट गेल्या वेळेपेक्षा वाईट आलाय. उज्वला थांबू नका म्हणते, शेखर तिला कात्रण दाखवतो. घरात दोघं बोलत नाहीत. पोर दोघांच्या ताटात आळीपाळीने जेवते.

आणि तू उभी होतीस.

तुझ्या तोंडात काय होतं गं? चॉकलेट? "दादा, ह्या मूत्रपिंडाच्या आहेत," एवढे चार शब्द. तेवढ्यासाठी पीएच.डी. व्हायला लागते का? मला पत्रात लिहायला बरं सुचलं. बहिऱ्या म्हाताऱ्याला सांगितलं की पाप धुतलं, असं का?

लय शिकलीस. मला वाटलं होतं शिकल्यावर माणसाची जीभ मोकळी होते. तुझी तर टाळूला चिकटली.

मोजलंस का? की तेही बाकीच?

कारभारी


नाशिक,
१७ फेब्रुवारी

ती. काका,

मोजलं.

तीन वेळा केलं, तीन वेगवेगळ्या दिवशी. मशीन तेच, पेशी त्याच, लाल बटणही तेच. फक्त सकाळी काही ओतून दिलं नाही. वरचं पाणी बाजूला काढून ठेवलं, त्यातल्या मेलेल्या मोजल्या, मग तळाच्या मोजल्या. मेलेल्या पेशी मोजायला जास्त वेळ लागतो. फाटलेल्या असतात, एकमेकींना चिकटलेल्या असतात. चार वर्षं मी त्यांना रोज सकाळी कचरा म्हणत आले.

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. बांधल्या शंभर. जगल्या बारा. फुटल्या, म्हणजे चमकल्या, आठ.

बारांत आठ म्हणजे सहासष्ट. सहासष्टचे सत्तर सरांनी केले. आणि अठ्ठ्याऐंशी मोरीत गेल्या होत्या, तुम्ही म्हणालात तशाच. आमचा डबा झटका देत नाही काका, भाजून काढतो. चांगल्या मशीनमध्ये ह्याच पेशी एवढ्या मरत नाहीत, उलट बहुतेक वाचतात. रक्त तयार करणाऱ्या खऱ्या पेशी आम्हाला गेल्या वर्षी दोनदा मिळाल्या होत्या. दोन्ही वेळा एकही उरली नाही. ते तर पेपरात येणं शक्यच नव्हतं.

आकडे घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कागद उलटा करून ठेवला, त्यावर चहाचा कप ठेवला. म्हणाले, "मेलेल्यांचा हिशोब स्मशानात ठेवतात, योगिनी, लॅबमध्ये नाही." मग म्हणाले, "तुझा थिसिस जूनमध्ये आहे ना? सही माझी लागते." मी म्हटलं, "सर, माझा भाऊ तुमच्या शब्दावर मुलीचं ऑपरेशन थांबवून बसलाय." ते म्हणाले, "आशा देणं हेही औषधच असतं." एवढं निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते बोलताना त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

काका, एक विनंती आहे. हे आकडे शेखरदादाला तुम्ही सांगा. तुमच्या शब्दांत सांगा. पण माझं नाव घेऊ नका. हे पत्र दाखवू नका. सरांच्या कानावर गेलं तर चार वर्षं पाण्यात जातील. आईने गावाकडची माणसं काय काय बोलत असताना मला शिकवलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यावर एवढी दया करा.

योगिनी


निफाड,
२० फेब्रुवारी

चि. योगिनी,

तुझं नाव घेतलं नाही. ओझरला गेलो, शेखरला समोर बसवलं आणि सांगितलं, शंभरात आठ. तो हसला. म्हणाला, "बाबा, तुम्हाला कलमातलं कळतं, पेशीतलं नाही. हे आकडे कुठून आणले? नर्सरीतून?" त्याच्या हातात लॅमिनेट केलेला छापील कागद, माझ्या हातात काहीच नाही. बहिरा बाप आणि रंगीत फोटो यांत माणूस फोटोवर विश्वास ठेवतो. मीही ठेवला असता.

त्याच्याशी ओरडून बोलावं लागलं, मला माझाच आवाज ऐकू येत नाही म्हणून. आरोही घाबरून आतल्या खोलीत गेली.

आता तुला एक सांगतो. काकूलाही माहीत नाही. मागे एका पत्रात वाळलेल्या पिशव्यांवरून मी तुला लय उपदेश केला. एका साली मी उचलल्या होत्या. तुझा जन्म व्हायचा होता. फेब्रुवारीत अचानक ऊन तापलं आणि अर्धी ओळ काळी पडली. येवल्याकडचा एक माणूस दुसऱ्या दिवशी कलमं बघायला यायचा होता. मी पहाटे उठून वाळलेल्या सगळ्या खड्ड्यात टाकल्या, राहिलेल्या जवळ जवळ मांडल्या. तो आला, हिरवीगार ओळ बघितली, पाठीवर थाप मारली, सगळी घेऊन गेला. जी हिरवी होती तीही आतून उन्हाने पोळलेलीच होती. दुसऱ्या वर्षी त्याची अर्धी बाग बसली. तो मला शोधत आला नाही. त्याला वाटलं, आपल्याच जमिनीत खोट आहे. त्याने बाग काढून टाकली आणि कांदा लावला. अजून बाजारात भेटला की रामराम करतो. त्याच्या रामरामाने मला जेवण जात नाही, बाई. तेव्हापासून मी पिशव्या उचलत नाही. मी काही जन्मतः हरिश्चंद्र नाही.

त्या माणसाची बाग गेली. इथे पोर जाईल.

नाव न घेता सांगा म्हणतेस. बिनसहीच्या आकड्याला काय किंमत? माझ्या नर्सरीत ओळीच्या टोकाला पाटी असते, कोणी बांधली त्याचं नाव. कलम फसलं तर त्याच्या घरी जाता येतं. तुझ्या आठ पेशींच्या टोकाला कोणाचं नाव आहे?

दया वगैरे माझ्याकडे मागू नकोस. आठ दिवस उरलेत.

कारभारी


नाशिक,
२२ फेब्रुवारी २०२५

शेखरदादा,

हे स्पीड पोस्टने पाठवतेय. फोन केला असता तर मी रडले असते आणि तू माझी समजूत काढत बसला असतास.

काकांनी तुला सांगितलेले आकडे माझे आहेत. ते माझ्या वहीतले आहेत, माझ्या हाताने मोजलेले. सोबत वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत, तारखेसकट, प्रत्येक पानावर माझी सही आहे. शंभर पेशींना झटका दिला तर अठ्ठ्याऐंशी मरतात. बारा जगतात, त्यातल्या आठ चमकतात. पेपरातले सत्तर ते हे.

आणि त्या दिवशी आरोहीने बघितल्या त्या तिच्या पेशी नव्हत्या. रक्ताच्याही नव्हत्या. त्यांच्यात थॅलेसेमिया बरा करणारं काहीच घातलेलं नव्हतं, फक्त चमकायची जीन होती. आमच्या लॅबमध्ये औषध निघत नाहीये, दादा. एक डबा आहे आणि एक फोटो आहे. तू स्क्रू तीनदा तपासतोस, आणि मला एकदाही विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. तू मूर्ख ठरलास आणि मी भित्री. दोघांत भित्रं माणूस जास्त वाईट, कारण त्याला माहीत असतं.

एक मात्र खरं आहे, तेही लपवत नाही. बाहेरच्या देशात याच विजेच्या झटक्याने रक्ताच्या पेशी सुधारून थॅलेसेमियावर उपचार निघालाय. पण त्यातही सुधारलेल्या पेशी परत अंगात सोडण्याआधी मुलाला केमो द्यावीच लागते. तू ज्या केमोला घाबरून थांबलास ती तिथेही चुकत नाही. आणि बहिणीचा बोनमॅरो जुळणं किती जणांच्या नशिबात नसतं, ते मुंबईच्या डॉक्टरांना विचार.

ती वाचेलच असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारा एक माणूस तुला भेटून गेलाय.

या पत्राची एक प्रत आज सकाळी घुमरे सरांच्या टेबलावर ठेवली. ते नव्हते, कुठेतरी सत्कार होता.

योगिनी


ओझर,
१२ मार्च २०२५

योगिनी,

फोन केला असता तर शिव्या दिल्या असत्या, म्हणून लिहितोय. तशा लिहिताही येतात, पण उज्वला बाजूला बसली आहे.

तुझं पत्र २५ ला मिळालं. पहिल्यांदा ते चुरगळून फेकलं. उज्वलाने उचलून इस्त्री केल्यासारखं सरळ केलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं, सह्यांच्या तारखांसकट. मग मी घुमरेंना फोन लावला. चार वेळा उचलला नाही. पाचव्या वेळी म्हणाले, "तुमच्या बहिणीची मानसिक अवस्था सध्या ठीक नाही." त्या एका वाक्याने तुझं सगळं पत्र मला खरं वाटलं. आमच्या फॅक्टरीतही पार्ट फेल गेला की आधी तपासणाऱ्याचं डोकं तपासतात.

२७ ला मुंबईला हो कळवलं. २१ मार्चला आरोहीला दाखल करायचं आहे.

तुझे आभार मानणार नाही. वेळेवर बोलली असतीस तर हे दोन महिने असे गेले नसते. पोरीने मला रोज विचारलं, माझ्या हिरव्या पेशी कशा आहेत, आणि मी रोज सांगितलं, मजेत आहेत. आता तिला काय सांगायचं ते तूच ठरव. तिचं काही बरंवाईट झालं तर मी कोणाला धरणार हे मला माहीत नाही. कदाचित तुला, कदाचित स्वतःला. घुमरेंना तर धरताही येणार नाही, शाल निसटते.

बाबा सांगत होते की घुमरेंनी तुझ्या टेबलाची किल्ली काढून घेतली आणि दुसरा गाइड शोध म्हणाले. म्हणजे तुला आता सकाळी कुठे जायचं नाही.

दवाखान्यात पोरीला ज्या बंद खोलीत ठेवतात तिथे तिच्याजवळ एकच माणूस राहू शकतो. महिनाभर, बाहेर यायचं नाही. उज्वलाला थोरलीजवळ राहावं लागेल, तिचाही बोनमॅरो काढायचा आहे आणि ती घाबरली आहे. मी राहायचं ठरवलं होतं. परवा साधं रक्त घेताना मी चक्कर येऊन पडलो, नर्सने आधी मला पाणी पाजलं. मला जमणार नाही. डॉक्टर रोज आकडे सांगणार, पांढऱ्या पेशी किती उरल्या, किती आल्या, आणि केमोने त्या आधी शून्यावर जाणार. ते शून्य ऐकूनसुद्धा जो माणूस पोरीसमोर तोंड पाडणार नाही असा माणूस आत हवा. आमच्या घरात तसं कोणी नाही. आणि ती रात्रंदिवस प्रश्न विचारेल. तिच्याशी यापुढे कोणी खोटं बोलायचं नाही, असं मी आणि उज्वलाने ठरवलंय. तेव्हा तू राहायचंस.

विचारत नाहीये, सांगतोय.

२१ ला, शुक्रवारी, सकाळी सहाला ओझरच्या फाट्यावर उभी राहा, गाडी घेऊन येतो. सुती कपडे घे, जास्त नकोत, तिथे रोज उकळून देतात. सर्दी-खोकला असेल तर आजच सांग. आणि नखं कापून ये.

शेखर